डी ड्राइव्हला टाकलं म्हणजे बॅकअप नव्हे

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची डिझाइनं करायचं काम चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांची पावतीपुस्तकं असलं सगळं. त्यामुळं ह्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा गल्लीतल्या लोकांचा समज झालाय. दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी फोन येतोच, ‘कॉम्प्युटर चालूच होईना बघा. पण टेन्शन नाही, सगळं डी ड्राइव्हला टाकलंय.’ हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आता वाईट बातमी मलाच द्यायची असते.

सी आणि डी या बहुतेक घरांत दोन वेगळ्या डिस्क नसतातच. डिस्क एकच असते, दुकानदार तिचे दोन-तीन भाग पाडून देतो. एका वाड्यात मधे भिंत घालून दोन खोल्या काढाव्यात तसं. विंडोज बिघडलं आणि सी फॉरमॅट मारावा, म्हणजे पूर्ण पुसावा लागला तर डी मधलं वाचतं, एवढं खरं. पण डिस्कच गेली तर दोन्ही खोल्यांचं छप्पर एकदमच खाली येतं. हल्ली काही कॉम्प्युटरमध्ये सी साठी एसएसडी, म्हणजे चिपवरची डिस्क, आणि डी साठी वेगळी हार्ड डिस्क असते. तरी त्या दोघी एकाच डब्यात बसलेल्या असतात. वीज कडाडून सप्लाय जळला, चोर आला किंवा पाणी शिरलं तर त्या बरोबरच जातात.

पाण्याचं मी उगाच म्हणत नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या गल्लीत पाणी शिरायला लागलं. आम्ही सीपीयू उचलून कॉटवर ठेवला, कपडे-कागद घेतले आणि सम्राटनगरला आक्काकडं गेलो. कॉटवर ठेवलं म्हणजे झालं, अशी त्या वेळची अक्कल. शिवाय माझ्याकडं बॅकअपची एक्सटर्नल डिस्कही होती. ती टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होती. आठवड्यानं परत आलो तेव्हा कॉट उलटी पडली होती आणि ड्रॉवरमधून चिखल काढावा लागला. पत्रिकांच्या डिझाइनचं एवढं वाटलं नाही, ती परत करता येतात. आबांच्या आवाजातलं अर्ध्या तासाचं एक रेकॉर्डिंग होतं, ते गेलं.

तेव्हापासून माझी व्याख्या एकच आहे. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरात. यातली तिसरी अट सगळेच विसरतात. जाणकार लोक यालाच ३-२-१ म्हणतात. एकूण तीन प्रती ठेवायच्या, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं हा नियम रूढ केला. आपण तो कोल्हापूरच्या हिशेबानं, कमीत कमी पैशात कसा पाळायचा ते सांगतो.

आधी ठरवा, जपायचं काय

नवखा माणूस पहिली चूक इथं करतो. तो अख्खा सी ड्राइव्ह सिलेक्ट करतो, कॉपी-पेस्ट मारतो, मधेच परवानगी नाही असा मेसेज येतो आणि कंटाळून सगळं सोडून देतो. विंडोज, ऑफिस, गेम हे काही जपायचं नसतं. ते परत टाकता येतं. जे परत मिळणार नाही तेवढंच जपायचं.

एक वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा. लग्नाचे आणि बारशाचे फोटो. सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत यांचे स्कॅन. मुलांचे दाखले, जातीचा दाखला, मार्कशीट. वहिनींचा बचत गटाचा हिशोब. गूळ किंवा चपलेचा धंदा असेल तर टॅली, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा. फाउंड्रीत काम करणाऱ्याच्या घरी ड्रॉइंगच्या फाइली असतातच. आमच्या मावसभावाच्या कॉम्प्युटरवर गल्लीच्या भिशीचा बारा वर्षांचा हिशोब होता, आणि तो गेला असता तर त्याला गल्लीत राहता आलं नसतं.

आता या गोष्टी कुठं आहेत ते शोधा. इथं एक मोठा खड्डा आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डर सहसा सी ड्राइव्हमध्येच असतात. डेस्कटॉपवर दिसतं म्हणजे ते कुठंतरी बाहेर आहे असं लोकांना वाटतं. दुकानातला पोरगा विचारतो, ‘सी फॉरमॅट मारू काय? डी तसाच ठेवतो.’ आपण हो म्हणतो, आणि डेस्कटॉपवरचं लेकीच्या लग्नाचं फोल्डर दोन मिनिटांत साफ. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून नवीन विंडोज टाकून घ्यायला दुकानात जाणारे वाढलेत, म्हणून हे जास्तच जोर देऊन सांगतोय. कॉम्प्युटर दुकानात देण्याआधी बॅकअप घ्यायचा, दिल्यानंतर नाही.

दुसरा खड्डा वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या जागेचा. नवीन लॅपटॉप सुरू करताना आपण पुढं-पुढं दाबत जातो आणि विंडोज आपला डेस्कटॉप गुपचूप वनड्राइव्हमध्ये नेऊन ठेवतं. फुकटची जागा ५ जीबी. ती भरली की पुढचं वर जात नाही. उलट काही फाइलींवर ढगाचं चित्र दिसत असेल तर त्या फाइली तुमच्या डिस्कवर नाहीतच, फक्त त्यांचं नाव दिसतंय. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, खाली उतरू द्या आणि मगच कॉपी करा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, ती इंग्रजी मार्गदर्शकांत कुठंच मिळत नाही. जुन्या फाइली श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीटीटी सुरेख असल्या फॉन्टमध्ये असतील तर फाइलीबरोबर फॉन्टही जपा. फाइल राहिली आणि फॉन्ट गेला तर ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात फॉन्ट्स, तिथून तुमचे मराठी फॉन्ट उचलून बॅकअपमध्ये ‘फॉन्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये टाका. महत्त्वाच्या जुन्या फाइलींची पीडीएफही करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो.

टॅलीवाल्यांनी टॅली चालू असताना तिचं फोल्डर नुसतं उचलू नये. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे. तो घ्या आणि ती फाइल पुढं न्या.

हे सगळं डी ड्राइव्हवर ‘जपायचं’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये गोळा करा. खरं सांगायचं तर अर्धं काम इथंच संपतं. गोळा झाल्यावर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. किती जीबी झाले आणि फाइली किती, हे दोन्ही आकडे वहीत लिहा. ते पुढं लागणार आहेत.

काय घ्यायचं

एक १ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क. जमलं तर दोन. भाव सारखा वरखाली होतो, पण एकीला पाच-सहा हजार धरून चाला. १ टीबी लिहिलेल्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं. दुकानदारानं फसवलं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.

पैसे कमी असतील तर आधी एकच घ्या, पण कॉम्प्युटरमधली काढलेली जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून ‘हीच वापरा’ असं कुणी म्हणालं तर तिला एकमेव बॅकअप करू नका. दुसरी किंवा तिसरी प्रत म्हणून चालेल. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक आहे. तो हरवतो, पँटच्या खिशातून धुण्यात जातो आणि न सांगता मरतो. एसएसडी वेगवान असते, पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायला साधी हार्ड डिस्कच बरी.

पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह अशी जाहिरात दिसली तर पुढं सरका. त्याच्या आत थोड्याच जीबीची चिप असते आणि तो कॉम्प्युटरला खोटी साइज सांगतो. फोटो कॉपी होताना दिसतात, नावं दिसतात, उघडायला गेलं की आत काही नसतं. आपल्याला संशय आला तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे. तो डिस्क शेवटपर्यंत भरून बघतो आणि खरी साइज सांगतो.

पक्कं बिल घ्या. वॉरंटीत कंपनी डिस्क बदलून देते, आतला डेटा देत नाही, हेही लक्षात असू द्या.

पहिली कॉपी

डिस्क लावण्याआधी मागं-पुढं बघून निळ्या रंगाचा यूएसबी पोर्ट शोधा. बहुतेक मशीनवर निळा म्हणजे यूएसबी ३. काळ्या, जुन्या पोर्टवर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे २०० जीबीला दोन तासांच्या आसपास लागतील. निळ्यावर हार्ड डिस्क १०० एमबीपर्यंत जाते, तेच काम अर्ध्या-पाऊण तासात होतं. अर्थात हजारो छोटे फोटो असतील तर दोन्हीकडं वेळ वाढतोच. सीपीयूच्या पुढच्या पोर्टवर डिस्क सारखी लागते-सुटते असं होत असेल तर मागच्या पोर्टला लावा.

डिस्क उघडली की तिचं नाव बदला. राइट क्लिक, रीनेम आणि ‘बॅकअप अ’. दुसरी असेल ती ‘बॅकअप ब’. वरून चिकटपट्टी लावून स्केच पेननंही तेच लिहा. पुढं दोन काळ्या डब्या हातात आल्यावर कुठली कुठली हे कळत नाही.

आता डिस्कवर आजच्या तारखेचं फोल्डर करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. २०२६-०६-०७ असं. तारीख उलटी लिहिली की फोल्डर आपोआप क्रमानं लागतात. त्यात ‘जपायचं’ फोल्डर कॉपी करा. कट करू नका. कट-पेस्ट केलं तर प्रत पुन्हा एकच राहते, आणि मधेच लाइट गेली तर तीही अर्धवट. लाइटवरून आठवलं, पावसाळ्यात यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर मोठी कॉपी लावू नका. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा आणि झाकण मिटू नका.

मोठी व्हिडिओ फाइल जागा असूनही जात नसेल तर डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट ३२ प्रकारात आहे. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. रिकामी असतानाच तिला एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्या. घरात मॅकही असेल तर एक्सफॅटमध्ये. भरल्यावर फॉरमॅट मारलं तर काय होतं हे सांगायला नकोच.

मोबाइलमधले फोटो विसरू नका. केबल लावा, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा आणि डीसीआयएम नावाचं फोल्डर उचला. लग्नाच्या डीव्हीडी कपाटात असतील तर त्या आताच कॉपी करून घ्या. आपल्या हवेत त्यांच्यावर बुरशी चढते, आणि नवीन लॅपटॉपला डीव्हीडी घालायला जागाच नसते. ओळखीच्या कुणाकडं जुना ड्राइव्ह असेल तोवर हे होतंय.

उघडून बघा

कॉपी संपली की वही काढा. डिस्कवरच्या फोल्डरची प्रॉपर्टीज बघा. जीबी आणि फाइलींची संख्या जुळली पाहिजे.

मग डिस्क इजेक्ट करून काढा. घड्याळाजवळच्या छोट्या चित्रावरून ती काढायची, नुसती ओढायची नाही. नंतर ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, शेजाऱ्यांच्या लॅपटॉपला लावली तरी चालेल. दहा-बारा फाइली उघडा. एक जुना फोटो, एक व्हिडिओ मधूनच, एक स्कॅन, एक एक्सेल, मराठी फॉन्टची एखादी फाइल. त्याच कॉम्प्युटरवर उघडून बघितलं तर फॉन्ट आधीच तिथं असतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. ही तपासणी मी स्वतः पहिल्यांदा केली नव्हती. केली तेव्हा कळलं की पत्रिकांचं एक अख्खं फोल्डर मी शॉर्टकट म्हणून कॉपी केलं होतं. दोन केबीची एक फाइल, आणि त्यावर माझा सहा महिने विश्वास.

लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर आणखी एक काम आजच करा. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. मदरबोर्ड जळला आणि डिस्क काढून दुसरीकडं लावली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये सापडते. सापडेल तेव्हा कागदावर छापून घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत नको.

दुसऱ्या घरी

आता मुद्द्याचं. ‘बॅकअप अ’ घरात ठेवा, पण कॉम्प्युटरला सतत लावून नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीवाला व्हायरस जगभर पसरला होता. असले व्हायरस कॉम्प्युटरला जोडून ठेवलेल्या एक्सटर्नल डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करून टाकतात. काम झालं की काढायची, ही सवय त्यासाठी.

‘बॅकअप ब’ दुसऱ्या घरी. घर कसं निवडायचं? नातं चांगलं पाहिजे आणि जमीन उंच पाहिजे. शाहूपुरीतल्या माणसानं दुधाळीतल्या मित्राकडं डिस्क ठेवून उपयोग नाही, दोघांच्या दारात एकाच पंचगंगेचं पाणी येतं. तुम्ही राजारामपुरीत असाल तर पाण्याची भीती कमी, पण आग आणि चोरी तिथंही आहेच, तेव्हा तुम्हीसुद्धा दुसरं घर शोधा. शेजारचा फ्लॅट म्हणजे दुसरं घर नव्हे.

माझी ‘ब’ आक्काकडं असते. झिपची प्लॅस्टिक पिशवी, त्यात बुटाच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि सगळं एका घट्ट झाकणाच्या डब्यात. हा डबा तिच्या कपाटात साड्यांच्या मागं असतो. महिन्यातून एकदा तिच्याकडं जेवायला जाणं होतंच. जाताना ताजी केलेली ‘अ’ घेऊन जायचं, तिथली ‘ब’ घेऊन यायचं. पुढच्या महिन्यात उलट. दारात पाऊल टाकलं की आक्का विचारते, ‘डबा आणलास काय रे?’ आणि रिकामा डबा परत द्यायचा नसतो ही आपली रीत इथं आपोआप पाळली जाते.

दुसऱ्याच्या घरी ठेवायचं म्हणजे आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंटं उघडी नकोत. सेव्हन-झिप हा फुकट प्रोग्राम टाका, त्या फोल्डरची सेव्हन-झिप प्रकारातली एक फाइल करा, पासवर्ड घाला आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’ वर टिक करा. पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत पाहिजे. तुम्ही दवाखान्यात असताना विम्याचे कागद लागले तर? पासवर्डची चिठ्ठी डिस्कच्या डब्यात टाकणारेही मी बघितलेत. असं करू नये हेही सांगावं लागतंय. बाकीचे फोटो उघडे राहिले तरी काही बिघडत नाही. आक्का बघत बसते अधूनमधून.

आठवड्याचं काम

दर वेळी सगळं नव्यानं कॉपी करायला वेळ जातो आणि मग माणूस टाळाटाळ करतो. म्हणून एक साधन वापरा.

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आधीपासूनच आहे. कंट्रोल पॅनेल, सिस्टिम अँड सिक्युरिटी, फाइल हिस्टरी. डिस्क लावून ‘टर्न ऑन’ दाबलं की बदललेल्या फाइली ती घेत राहते, आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. कालचा हिशोब चुकून पुसला तर परवाचा मिळतो, हा मोठा फायदा. पण ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशी ठरावीक फोल्डरच घेते. तुमचं डी ड्राइव्हवरचं ‘जपायचं’ ती आपणहून घेणार नाही. त्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, ‘इन्क्लूड इन लायब्ररी’, असं करून ते लायब्ररीत घाला.

मी स्वतः फ्रीफाइलसिंक हा फुकट प्रोग्राम वापरतो. डाव्या बाजूला ‘जपायचं’, उजव्या बाजूला डिस्क, आधी ‘कम्पेअर’ आणि मग ‘सिंक्रोनाइज’. नवीन आणि बदललेलं तेवढंच जातं, माझं काम चहा होईपर्यंत उरकतं. यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ असेही पर्याय दिसतील. नवख्यानं ‘अपडेट’ घ्यावं. ‘मिरर’ उजवी बाजू डावीसारखी हुबेहूब करतं, म्हणजे डावीकडं चुकून पुसलेलं उजवीकडूनही पुसतं. आणि डावं-उजवं उलटं लागलं तर नव्या कामावर जुनं बसतं. सवय झाल्यावर ‘मिरर’ घेतलात तरी ‘व्हर्जनिंग’ चालू करा, म्हणजे पुसलेलं आणि बदललेलं वेगळ्या फोल्डरमध्ये राहतं.

वार ठरवून घ्या. मी रविवारी सकाळी रश्शाला फोडणी पडली की डिस्क लावतो. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन म्हणून २०११ पासून पाळतात. पण आपल्याकडं त्या दिवशी सगळी दुनिया सीएच्या दारात असते, ती तारीख कुणाला आठवणार?

गूगलचा डबा

गूगल १५ जीबी फुकट देतं. पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले, आणि अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजला जातो. म्हणून सगळे फोटो तिथं कोंबू नका. दाखले, खरेदीखत, टॅलीचा बॅकअप, निवडक शे-दोनशे फोटो एवढंच तिथं ठेवा. हे बहुधा एक-दोन जीबीत बसतं आणि गाव बुडालं तरी राहतं. जास्त हवं असेल तर १०० जीबीला महिन्याला १३० रुपये पडतात.

फक्त एवढं ध्यानात घ्या की सिंक, म्हणजे दोन्हीकडचं आपोआप सारखं ठेवणं, हा बॅकअप नाही. कॉम्प्युटरवरून पुसलं की तिथूनही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, नंतर नाही. आणि दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गूगल बंद करून आतलं सगळं पुसू शकतं. वडिलांच्या नावानं अकाउंट असेल आणि ते आता नसतील तर त्यातले फोटो आधी उतरवून घ्या.

३९ फूट

राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात आपण सगळेच हे आकडे मोबाइलवर बघत असतो. मी त्यालाच बॅकअपची घंटा केलंय. ३९ झालं की त्याच संध्याकाळी शेवटची कॉपी आणि घरात असेल ती डिस्क सम्राटनगरला. ४३ ची वाट बघायची नाही, तोपर्यंत रस्ते बंद व्हायला लागतात. त्या दिवशी आपल्याकडच्या दोन्ही डिस्क एकाच डब्यात राहिल्या तरी चालतात, कारण तो डबा उंचावर असतो.

आणि डिस्क भिजलीच तर? तिला वीज देऊ नका. हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात खुपसणं नको, ‘लावून तर बघू’ तर मुळीच नको. २०१९ मध्ये मी चिखल पुसून डिस्क लावली. आतून खरखर असा आवाज आला आणि थांबला. नंतर डेटा काढून देणाऱ्या एकाला दाखवली. त्यानं नव्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त पैसे सांगितले आणि वर म्हणाला, चालू केली नसती तर काहीतरी निघालं असतं. तेव्हा ओली डिस्क तशीच पिशवीत घालून थेट जाणकाराकडं न्यायची, तेही आत खरंच तेवढं मोलाचं असेल आणि दुसरी प्रत नसेल तरच.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, आणि आधीपेक्षा वर गेलं. या वेळी सीपीयू कॉटवर ठेवायलासुद्धा वेळ मिळाला नाही. पाणी ओसरलं, भिंती धुतल्या, लाइट आली, ओळखीच्या एकाकडून जुना सीपीयू आणला. आक्काकडून डबा आणून दुपारी अडीचला डिस्क लावली, फॉन्ट टाकले, ‘जपायचं’ परत डी ड्राइव्हला कॉपी करायला लावलं. साडेपाचला गणपतीच्या पावतीपुस्तकाचं प्रूफ मंडळाच्या पोरांच्या हातात होतं, आणि त्यांनी नेहमीसारखंच अध्यक्षांचं नाव मोठं करायला सांगितलं.